शेवटचं रीळ

"अच्या, आहेस का रे?"

जिनू फाटकाशी येऊन एकदाच हाक मारायचा. दुसऱ्यांदा कधीच नाही. आतून मी "आहे" म्हटलं की कडी काढून आत यायचा. उत्तर आलं नाही तर तसाच माघारी वळायचा. त्यामुळे मी न्हाणीघरात असलो तरी तोंडातला फेस सावरत ओरडायचो. एखाद्या सकाळी हाक आली नाही तर शेजारचे विचारायचे, "आज चौगुले सर आले नाहीत?"

त्या सकाळी हाकेपाठोपाठ त्याच्या मुलीचा आवाज आला.

"अण्णा, पायरी आहे. थांबा जरा. पायरी!"

"या पायरीला मी तुझ्याहून जास्त वर्षं ओळखतो," जिनू म्हणाला आणि भिंतीला हात लावत बरोबर वर आला.

काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे नेले होते. उजेड कुठं आहे आणि सावली कुठं, एवढंच त्याला कळायचं. शाळेत पस्तीसेक वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. आपल्या डोळ्यांचं काय झालं ते तो अजूनही फळ्यावर आकृती काढल्यासारखं समजावून सांगायचा. पत्नी गेल्यापासून घरात एकटाच होता. माझं घर त्याच्या घरापासून एक रिकामा प्लॉट सोडून. मी तर पहिल्यापासूनच एकटा.

तो खुर्चीत बसला. पद्मजा बसली नाही. दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी राहिली. आदल्या दिवशी ती बंगळूरहून सांगलीपर्यंत गाडी चालवत आली होती, आणि त्या वर्षात अशा तिच्या बऱ्याच खेपा झाल्या होत्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"काका, परवा काय झालं ते कळलं का तुम्हाला?"

"काही झालं नाही," जिनू म्हणाला.

"दूध ठेवून अण्णा घराबाहेर पडले. दूध उतू जाऊन गॅस विझला, पण तसाच चालू. मागच्या घरातल्या मुल्लाभाभींना वास आला म्हणून, नाहीतर..."

परवा जिनू माझ्याकडेच बसला होता. मी त्याला एका पुस्तकातला उतारा वाचून दाखवत होतो, आणि त्याला आवडतोय असं वाटून आणखी एक वाचला होता.

"या वेळी मी तुम्हाला घेऊनच जाणार आहे, अण्णा. दिवाळीला काय केलंत ते आठवतंय ना? सामान भरलं, गाडीत बसलात. जाता जाता अच्याचा निरोप घेतो म्हणालात. इथं हाक मारलीत, आत आलात, चहा प्यायलात, आणि गाडीत परत बसलाच नाहीत."

"चहा चांगला झाला होता."

"अण्णा, मी थकलेय हो," पद्मजा म्हणाली. ती चिडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिनं ते अगदी सपाट आवाजात सांगितलं.

जिनू माझ्या दिशेला तोंड करून म्हणाला, "रविवारी आपला स्टेशनचा सिनेमा लागतोय."

"कुठं?"

"मॉलमध्ये. सकाळी रेडिओवर सांगितलं. जुनी प्रत साफसूफ करून गावोगाव दाखवताहेत. एकच खेळ, दुपारचा." मग तो मुलीकडे वळला. "पमे, तुझ्याशी करार करतो. मी सिनेमा बघतो. शेवटी तो माणूस परत गेला तर मी तुझ्याबरोबर येतो. तो तिथंच राहिला तर मी इथंच राहतो. परत विषय काढायचा नाही."

"सिनेमावरून ठरवणार तुम्ही?"

"तुझ्या आईशी माझं लग्न पत्रिकेवरून ठरलं होतं. त्यापेक्षा सिनेमा बरा."

"मग कशाला थांबायचं? मी आत्ता फोनवर बघून शेवट सांगते."

"खबरदार!" जिनू एकदम ओरडला. वर्गात ओरडायचा तसाच. "त्या फोनला हात लावशील तर बघ. चाळीस वर्षं थांबलोय मी त्या शेवटासाठी."

पद्मजानं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

ते चाळीस वर्षांचं सांगायला हवं. आमच्या तरुणपणी जिनूनं गावात चित्रपट मंडळ काढलं होतं. रविवारी सकाळी चंद्रकला टॉकीज भाड्यानं घ्यायचं आणि परदेशी सिनेमे दाखवायचे. पूर्व युरोपातल्या देशांच्या वकिलाती ते फुकट पाठवायच्या. पत्र्याच्या डब्यांत रिळं यायची आणि सोबत इंग्रजीत कथेचा सारांश. पडद्यावरची भाषा कुणालाच कळत नसे. मी नगर वाचनालयात ग्रंथपाल होतो. सारांशाचं मराठी करायचं काम माझं, आणि सिनेमा चालू असताना माइकवरून ते सांगायचं काम जिनूचं. मला चार माणसांसमोर बोलायला लागलं की घसा सुकतो. आजही सुकतो.

स्टेशनचा सिनेमा त्यातलाच. त्याचं मूळ नाव आम्हाला कुणालाच नीट उच्चारता आलं नाही. कुठल्यातरी दूरच्या ग्रहावर एक अंतराळ स्टेशन असतं, तिथं एकच माणूस. अंधारातून रोज एक खूण येते, तीन बारीक सूर. त्यानं यंत्राचं बटण दाबून एक लांब सूर उलट पाठवायचा. पलीकडे माणूस आहे की नुसतं यंत्र, ते त्याला माहीत नाही. अशी कित्येक वर्षं जातात. मग एक दिवस त्याला घरी न्यायला यान येतं. पृथ्वीवर आता या कामाची कुणाला गरज उरलेली नाही. जायचं की राहायचं?

इथवर सारांशात होतं. पुढं लिहिलं होतं, 'त्यानं काय ठरवलं ते पडद्यावरच पाहावं.'

टॉकीज त्या दिवशी भरलं होतं. यान उतरलं, रीळ संपलं, शेवटचं रीळ लागलं, आणि पडद्यावर ट्रॅक्टर आले. ओळीनं ट्रॅक्टर, आणि त्यांच्यावर बसलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, हसणाऱ्या बायका. डब्यात भलतंच रीळ आलं होतं. पण परदेशी सिनेमा कळला नाही तरी चुळबुळ करायची नाही, हे आम्ही मंडळात शिकलो होतो. बराच वेळ सगळा हॉल ते ट्रॅक्टर गंभीरपणे पाहत राहिला. माझ्या मागं कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "प्रतीक आहे." नांगरणी संपून पेरणी सुरू झाली तेव्हा कुठं जिनूनं मशीन बंद करायला लावलं.

मग तो पडद्यासमोर येऊन उभा राहिला आणि माइकशिवाय त्यानं शेवट सांगितला. माणूस सामान घेऊन यानाच्या दारापर्यंत जातो. तेवढ्यात मागून तीन सूर येतात. तो थांबतो. अंधारातून कुणीतरी विचारतंय, आहेस का? त्याला उत्तर द्यायला कुणीतरी असायला हवं. तो सामान खाली ठेवतो. यान निघून जातं. तो खुर्चीत येऊन बसतो, बटणावर बोट ठेवतो आणि सांगतो, आहे.

टाळ्या थांबेनात. काही लोक डोळे पुसत बाहेर पडले. सारांश मीच मराठीत केला होता, त्यामुळे जिनू हे मनचं सांगतोय हे मला कळत होतं. तरी ते ऐकताना मला सगळं दिसलं होतं. आजही डोळे मिटले तर त्या माणसाचं बोट दिसतं.

त्याच सुमाराला मला दिल्लीतल्या एका मोठ्या ग्रंथालयात नोकरी मिळाली होती. मी गेलो नाही. आई एकटी होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं.

पद्मजा चहा करायला स्वयंपाकघरात गेली आणि साखर कुठं आहे असं विचारत तिनं मला आत बोलावलं. साखर समोरच होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "सिनेमात काय व्हायचं ते होवो. तुम्ही 'गेला' म्हणून सांगा. त्यांना काय दिसणार आहे?"

"मला खोटं बोलायला जमत नाही, पद्मजा."

खरं म्हणजे मला खरंही धड बोलता येत नाही, पण ते तिला काय सांगायचं.

"मग मी काय करू? सांगा ना. नोकरी सोडून इथं येऊ? मुलाची बारावी आहे." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "तुम्ही आहात म्हणून मी इतके दिवस निर्धास्त होते. पण तुमचंही आता वय..."

तिनं वाक्य तिथंच सोडलं. बाहेरून जिनू ओरडला, "साखर सापडली का? का तीही बंगळूरला निघाली?"

रविवारी आम्ही तिघं मॉलमध्ये गेलो. सरकत्या जिन्यापाशी जिनू अडला. त्याला पायाखालचं काही हललेलं चालत नसे. मागं माणसं साठली. पद्मजा म्हणाली, "अण्णा, लिफ्टनं जाऊ." जिनू म्हणाला, "अंतराळवीर लिफ्टनं जात नाही," आणि माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस दुखत होता.

आतल्या पडद्याचा उजेड त्याला जाणवला. जाहिराती चालू होत्या. "केवढा मोठा आहे रे!" तो म्हणाला. "उजेडाची भिंत आहे नुसती." तो मध्ये बसला, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पद्मजा. प्रेक्षक फार नव्हते. काही तरुण मुलं होती, काही आमच्यासारखे म्हातारे.

सिनेमा सुरू झाला आणि मला घाम फुटला. या खेपेला पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं होती. ती वाचून मला जिनूच्या कानात मराठीत सांगायची होती.

"एक मोठी... म्हणजे काच आहे. खिडकी म्हणता येईल. बाहेर अंधार. म्हणजे तारे आहेत, पण..."

"अच्या, ते 'म्हणजे' काढून टाक. काय दिसतं ते सांग."

"खिडकीपाशी माणूस उभा आहे. दाढी वाढलेली."

"हां. तोच."

तीन सूर आले. जिनू खुर्चीत सरळ झाला. पडद्यावर माणसानं बटण दाबलं, लांब सूर गेला. जिनूनं माझ्या हातावर हात ठेवला आणि नंतर काढलाच नाही.

मी सांगत गेलो. हळूहळू जमायला लागलं. चाळीस वर्षांपूर्वी मला त्यातलं किती कमी कळलं होतं! तो माणूस यंत्राशी बोलायचा, भांडायचा, स्वतःचे केस आरशाशिवाय कापायचा. एकदा तीन सूर यायला उशीर होतो, तेव्हा तो सबंध स्टेशनात येरझाऱ्या घालतो. मी रंगात येऊन मोठ्यानं बोलायला लागलो असणार, कारण मागून आवाज आला.

"ओ आजोबा, घरी जाऊन सांगा की गोष्ट."

मी गप्प झालो. जिनू मान न वळवता म्हणाला, "मला दिसत नाही. तुला दिसतंय ना? मग कान थोडा वेळ मला दे."

मागं एकदम शांतता. मग, "सर? चौगुले सर?"

"कोण?"

"मी बिराजदार, सर. दहावी 'क'."

"मग बरोबर आहे. दहावी 'क'ला शांत बसणं कधी जमलं नाही. बस खाली."

मध्यंतरात बिराजदार आमच्यासाठी चहा घेऊन आला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, स्वतःच आजोबा होण्याच्या वयाला आलेला माणूस. जिनूसमोर मात्र हात पुढं बांधून उभा होता.

"सर, तेव्हा मी चंद्रकलाला पाहिला होता हा. वडिलांबरोबर. सगळं विसरलो, पण शेवट डोळ्यांसमोर आहे बघा. यान जातं, काचेतून त्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडतो, आणि मग तो बोट असं ठेवतो..." त्यानं चहाच्या कपावर बोट ठेवून दाखवलं.

"काचेतून उजेड?" जिनूनं विचारलं.

"हो सर. निळसर."

जिनू हसला नाही. त्याच्या मनात काही वेगळंच चाललं होतं. "तोंडावर उजेड," तो स्वतःशीच म्हणाला. "हे मी सांगितलंच नव्हतं."

मध्यंतरानंतर यान उतरलं. न्यायला आलेली बाई त्याला सांगते, तू गेलास तेव्हाचं आता तिकडं काही नाही, पण तुझी मुलगी आहे. तिनंच आम्हाला पाठवलंय. हे सारांशात नव्हतं. मी ते वाचलं आणि सांगायला थोडा अडखळलो.

"काय म्हणते ती?"

"त्याला मुलगी आहे. तिनं बोलावलंय."

"हं," जिनू म्हणाला.

मी पद्मजाकडे पाहिलं. ती झोपली होती. मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. झोपेतही ती पर्स सैल सोडत नव्हती. लहानपणी ती वाचनालयात यायची, तेव्हा दप्तर असंच धरून बाकावर झोपायची आणि मी तिला जिनू येईपर्यंत उठवत नसे.

मग शेवटचं रीळ आलं. आता रिळं नसतात, पण कुठं रीळ बदललं असणार ते मला ओळखू आलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि मी नकळत ट्रॅक्टरची वाट पाहिली.

स्टेशनातली खोली होती. खिडकी, यंत्र, खुर्ची, टेबलावर अर्धा प्यायलेला पेला. कुणीच बोलत नव्हतं. बाहेर घरघर झाली, वाढली, लांब गेली, थांबली.

"यान?" जिनूनं विचारलं.

"हो. उडालं."

"आणि तो?"

पडद्यावर खोलीच दिसत होती. तो आडोशाला असेल, आता येईल असं मला वाटलं. मला नेहमीच असं वाटतं, की मी पाहतोय त्यात माझंच काहीतरी चुकतंय. मी डोळे ताणून पाहत राहिलो. खुर्ची रिकामी होती.

तीन सूर आले.

जिनूचा हात माझ्या हातावर आवळला गेला. त्याला सूर ऐकू येत होते, उत्तर ऐकू येत नव्हतं. एवढ्यावरून काहीच ठरत नव्हतं. माणूस खोलीत असेल आणि बटणाकडे बघत बसला असेल, असंही असू शकत होतं.

परत तीन सूर.

"अच्या, आहे का तो तिथं?"

माझ्या जिभेवर 'आहे' आलं होतं. तो शब्द मी त्याला रोज सकाळी देत होतो, त्यामुळे तो आपोआपच आला. पद्मजा झोपली होती. बिराजदारला शेवट आधीच माहीत होता. सोमवारी सकाळी फाटकाशी हाक आली असती, आणि मी चहाचं आधण ठेवलं असतं.

"बोल की. काय दिसतंय?"

पद्मजाची मान आणखी कलली आणि जिनूच्या खांद्याला टेकली. ती जागी झाली नाही.

"खुर्ची रिकामी आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"गेला तो."

तीन सूर आले. पडदा काळा झाला, अक्षरं वर सरकू लागली, तरी ते सूर येतच राहिले. जिनू ते शेवटपर्यंत ऐकत बसला. मग उजेड झाला आणि पद्मजा दचकून उठली.

"संपला? काय झालं?"

कुणी उत्तर द्यायच्या आत मागून बिराजदार तणतणत आला. "सर, बघितलंत? शेवट कापला यांनी! चांगला शेवट होता, सगळा कापून टाकला. साफ केली म्हणे प्रत. याची तक्रार करायला पाहिजे!"

"कर," जिनू म्हणाला. "लिही की, दहावी 'क'च्या विद्यार्थ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता." आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि बिराजदार बिचारा त्याची पाठ चोळत राहिला.

पद्मजा गाडी काढायला तळघरात गेली. आम्ही दोघं बाहेर कट्ट्यावर बसलो. ऊन उतरलं होतं.

"तिला सांगितलंस का?" जिनूनं विचारलं.

"नाही. ती झोपली होती."

"अख्खा वेळ?"

"यान आल्यापासून."

त्यानं मान डोलावली. "म्हणजे तू 'राहिला' म्हणाला असतास, तरी कुणाला कळलं नसतं."

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"त्या दिवशी ट्रॅक्टर बंद केले आणि मी पुढं येऊन उभा राहिलो," तो म्हणाला. "काय सांगायचं ते काही ठरलं नव्हतं. खरं तर 'गेला' हेच मनात आलं होतं. तेच सरळ होतं. घरी न्यायला यान आलंय, माणूस जाणारच. पण तू पहिल्या रांगेत बसला होतास. तुझं दिल्लीचं नक्की झालं होतं, पुढच्याच आठवड्यात तू निघणार होतास. हातातला तो सारांशाचा कागद तू गुंडाळत होतास, उलगडत होतास. तुझ्याकडे बघितलं आणि त्याला थांबवला मी."

रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत होते.

"आई होती माझी," मी म्हणालो.

"हो, आई होती."

"तिच्यामुळंच राहिलो मी."

"असंच असेल," जिनू म्हणाला. "तसंच असू दे."

मग बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पण खरा शेवट चांगला आहे रे. माझ्यापेक्षा चांगला. मी त्याला उगीच बटण दाबायला लावलं."

गाडी आली. मी मागं बसलो. वाटेत जिनू पद्मजाला म्हणाला, "मंगळवारी सकाळी लवकर निघू. ऊन व्हायच्या आत घाट ओलांडू." पद्मजानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

सोमवारी दिवसभर मी त्याच्याकडे होतो. कपडे भरले. पुस्तकं भरताना त्याला एकेक हातात देऊन नाव सांगितलं. त्यानं थोडीच घेतली. उरलेली वाचनालयाला द्यायला सांगितली. निघताना मी म्हणालो, "येतो." तो म्हणाला, "उद्या जाताना हाक मारतोच."

"मारू नकोस."

"का?"

"दिवाळीला चहा चांगला झाला होता."

त्यानं माझ्या दिशेनं हात पुढं केला, तो माझ्या खांद्याऐवजी कानाला लागला. तसाच राहू दिला त्यानं तिथं क्षणभर.

मंगळवारी मी पहाटेच उठून बसलो. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून रेडिओ लावला. बातम्या चालू झाल्या आणि त्याच्या फाटकाचा आवाज आला. गाडीचं दार लागलं. गाडी सुरू झाली, प्लॉटच्या कडेनं हळूहळू आली आणि माझ्या फाटकाशी थांबली.

मी दाराच्या मागं उभा होतो. कडी आतून लावलेली होती आणि माझा हात कडीवर होता.

"अच्या, आहेस का रे?"

नुसतं इंजिन चालू होतं. घरात रेडिओवरची बाई कुठल्याशा धरणातून पाणी सोडल्याचं सांगत होती. मला एकदम वाटलं, रेडिओ बंद करायला हवा होता. पण तिथवर जायचं म्हणजे पाय उचलावे लागणार, आणि उचललेला पाय कुठं जाईल याचा मला भरवसा नव्हता. मी ओठ घट्ट मिटून घेतले. तोंडात शब्द तयार होता, तो तिथंच ठेवला.

मी वाट पाहिली. दुसरी हाक आली नाही. ती त्यानं कधीच मारली नव्हती.

"काका देवळात गेले असतील, अण्णा," पद्मजाचा आवाज आला. मी आयुष्यात कधी सकाळी देवळात गेलो नव्हतो आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

"गेला असेल," जिनू म्हणाला. "चल."

गाडी गेली. वळणावर तिचा हॉर्न ऐकू आला. मी दार उघडलं नाही. बातम्या संपून भक्तिगीतं लागली, ती संपली. मग मी एकाच कपाचा चहा केला. दोन कपांच्या अंदाजानं टाकलेली साखर परत काढता आली नाही, तो गोडमिट्ट झाला.

दुपारी मुल्लाभाभी कुंपणावरून म्हणाल्या, "सर गये क्या? तुम्ही भेटला नाहीत?" मी मान हलवली. कशाला हलवली ते मलाच कळलं नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. मी घेतला. पलीकडे बराच वेळ नुसता रहदारीचा आवाज होता. पद्मजाच्या गॅलरीतून येत असावा.

"पोचलो," जिनू म्हणाला.

"बरं."

"घाटात धुकं होतं म्हणे."

"हं."

"सकाळी बातम्या फार मोठ्यानं लावल्या होत्यास."

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मागं पद्मजा कुणाला तरी आजोबांची उशी कुठली ते सांगत होती, आणि तिचा आवाज मोकळा लागत होता.

"अच्या," तो म्हणाला, "आहेस का रे?"

"आहे," मी म्हणालो.